शेवाळ कुठून आलं

लग्न होऊन वसईकडच्या गास गावाजवळच्या त्या घरात मी आले तेव्हा माझ्या हातच्या कालवणाला सगळ्यांनी नावं ठेवली. सासऱ्यांना ते पातळ वाटे, नणंदेला आंबट, आणि नवऱ्याला ते 'आईसारखं' होत नसे. एकट्या सासूबाई ताटली पुसून खात आणि म्हणत, "चांगलं झालंय." बस, तेवढ्यावर मी त्यांची झाले. लॅबमधल्या मैत्रिणी विचारायच्या, सासू कशी आहे गं? मी म्हणायचे, सासू कसली, मैत्रीण आहे माझी. हे वाक्य मी इतक्या जणींना ऐकवलंय, की आता आठवलं तरी कानशिलं तापतात.

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. माहेरी दोन खोल्यांत सात माणसं होती. तिथे आवाज चढवल्याशिवाय पाण्याचा तांब्याही मिळत नसे. सासरी सगळे हळू बोलायचे. मला वाटे, चला, एवढ्या मोठ्या घरात एक तरी माणूस आपल्या बाजूचं आहे. ते माणूस म्हणजे सासूबाई. चौथीपर्यंत शिकलेल्या, उभा जन्म घरामागच्या वाडीत गेलेला. केळी, पानवेल, मोगरा, जे रोप त्या लावतील ते जगायचं.

मी वसईला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. दिवसभर दुसऱ्यांच्या रक्तालघवीतले दोष शोधायचे. त्या सुमारास गल्लोगल्ली इंटरनेट कॅफे निघाले होते. तिथे एकदा मी पाण्याखालच्या बागेचं चित्र पाहिलं. काचेच्या टाकीत हिरवंगार रान आणि त्यातून फिरणारे चिमुकले मासे. मी वेडी झाले. माशांचं एवढं नाही, पण ती झाडं मला हवी होती. या घरात प्रत्येकाच्या हातचं काहीतरी वाढत होतं, माझ्या हातचं काहीच नव्हतं.

अडीच फुटी टाकी घरात आली तेव्हा सासरे म्हणाले, "पानी साठवून डास पाळायचेत काय?" सासूबाईंनी वाल सोलता सोलता मान वर न करता म्हटलं, "असू द्या ओ. पोरीला आवडतंय." टाकी बसली ती त्या एका वाक्यावर.

मी सगळं रीतसर केलं. नदीची रेती सात पाण्यांतून धुतली. वर दोन ट्यूबलाइट लावल्या. फितीसारख्या लांब पानांची झाडं मागे, रुंद पानांची मध्ये आणि काचेला लागून बारीक पानांची. झाडांना कार्बन डायॉक्साइड लागतो, म्हणून बाटलीत साखरेचं पाणी आणि नाक्यावरच्या पाववाल्या बेकरीतून मागून आणलेलं यीस्ट भरलं आणि बाटलीच्या झाकणातून टाकीत नळी सोडली. बुडबुडे येऊ लागले. सासूबाई स्टुलावर बसून ते बघायच्या. "नुसत्या रेतीत कशी गो जगतील?" त्यांनी एकदा विचारलं होतं. मी हसून म्हटलं, "आई, हे शास्त्र आहे. तुमच्या वाडीतलं इथे चालत नाही." त्याही हसल्या.

तीन आठवड्यांत पानं पिवळी पडली. मध्ये भोकं पडली आणि रुंद पानं काठाकडून विरघळायला लागली. मी कॅफेत जाऊन पानंच्या पानं छापून आणली, लाइट रोज दोन तास जास्त ठेवला, बाटलीत साखर जास्त घातली. आणि काय सांगू, पंधरा दिवसांत झाडांनी अशी उचल घेतली की फितीसारखी पानं वर पाण्याला टेकून वळली. रोज नवा कोंब. मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगून कंटाळा आणला. घरी सासऱ्यांना हात धरून टाकीसमोर उभं केलं. "बघा, डास दिसतोय का एक तरी?" सासूबाई मागे उभ्या राहून पदराआड हसत होत्या. माझं कौतुक चाललंय असं मला वाटलं.

मग एका सकाळी पाणी हिरवट दिसलं. चार दिवसांत ते वाटाण्याच्या सुपासारखं झालं, मासे दिसेनात. पाणी बदललं की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. त्यानंतर पानांवर केसांसारखं शेवाळ आलं आणि शेवटी रेतीवर एक निळसर हिरवी चिकट साय धरली. सोलली की दुसऱ्या दिवशी हजर. झाडं त्या सायीखाली गुदमरून काळी पडायला लागली.

मी लॅबवाली. मी एक वही केली. एका आठवड्यात एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम लिहायचा. लाइट कमी केला. खिडकीला जाड पडदा लावला. बोअरिंगचं पाणी बंद करून शेजाऱ्यांच्या विहिरीचं आणलं. माशांचं खाणं निम्मं केलं. वहीत एकाही गोष्टीचा ताळमेळ लागेना. लाइट कमी केला त्या आठवड्यात शेवाळ वाढलं, खाणं कमी केलं त्या आठवड्यात त्याहून वाढलं. टाकीतलं पाणी बाटलीत भरून लॅबमध्ये नेलं आणि थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला, तर हिरव्या ठिपक्यांची नुसती जत्रा. डॉक्टर वाकून बघत म्हणाले, "रिपोर्ट कोणाच्या नावानं काढायचा?" मला हसू आलं नाही.

नाव मला हवंच होतं. आधी नवरा सापडला. दुपारी तो पडदा सरकवून पेपर वाचत बसे. त्याला मी असं झापलं की तो दोन दिवस पडवीत जेवला. मग टाकी आणि झाडं विकणारा दुकानदार. वसईतल्या त्याच्या दुकानात जाऊन काळी पडलेली झाडं मी ओलीगच्च त्याच्या काउंटरवर टाकली. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "मॅडम, टाकीत खायला जास्त पडतंय. तुम्ही नसाल घालत, दुसरं कोणीतरी घालतंय." मी म्हटलं, "म्हणजे आमच्या घरात चोर आहेत?" आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याचं सगळं काढलं. हे मी घरी येऊन साभिनय सांगितलं. सासूबाई ऐकत होत्या. वाल सोलणारी त्यांची बोटं थांबली होती, हे मला नंतर आठवलं.

त्याच रात्री जेवताना मी सगळ्यांना विचारलं, "टाकीत कोणी काही टाकतं का? खरं सांगा." मी सासूबाईंकडे वळले, संशय होता म्हणून नाही, आधार हवा म्हणून. त्या म्हणाल्या, "नाय गो. कोन टाकील?"

टाकीला वासही यायचा, माशांचा, कुजका. पण त्या घरात मासळीचा वास कुठे नव्हता? फळीवर सुक्या बोंबलांचा डबा होता. मी आदळआपट केली, डब्याच्या वासानं डोकं उठतं म्हटलं. सासूबाईंनी डबा उचलून मागच्या पडवीत नेऊन ठेवला. आणि एका रविवारी आम्ही दोघी जुने टूथब्रश घेऊन दोन तास त्या टाकीच्या काचा घासत बसलो. त्यांच्या नखांत हिरवं गेलं होतं. कमरेला हात लावून त्या म्हणाल्या, "मेलं जातच नाय." मला भरून आलं. या घरात माझ्या हट्टापायी कंबर मोडून घेणारं दुसरं कोण होतं?

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

उन्हाळ्यात लोडशेडिंग वाढलं होतं. एका शुक्रवारी लॅबची मशिनं बंद पडली, म्हणून मी दुपारी दोनलाच घरी आले. दार उघडंच होतं. टाकीचं वरचं झाकण बाजूला ठेवलेलं. सासूबाई कोपरापर्यंत हात पाण्यात घालून उभ्या. दुसऱ्या हातात वाटी, वाटीत बोराएवढ्या काळ्या गोळ्या. त्यातली एकेक गोळी त्या झाडाच्या मुळाशी ठेवायच्या आणि माडाच्या हिरानं, केरसुणीच्या काडीनं, रेतीत दाबायच्या. इतक्या मन लावून, की मी मागे उभी आहे हे त्यांना कळलंच नाही.

"काय करताय?"

त्या दचकल्या. गोळी हातातून सुटली, तळाशी जाऊन फुटली आणि तिच्यातून तपकिरी ढग वर आला. मग वास. तोच वास.

वाडीत पानवेलीला घालतात ते मासळीचं खत होतं. अर्नाळ्याहून येणारी, खायला न चालणारी सुकी मासळी कुटून, मातीत मळून.

"कधीपासून?"

"पानं पिवळी पडलेली ना, तवापासनं." त्यांचा हात अजून पाण्यातच होता. "रेतीत कायच नवतं गो. उपाशी मरत होती. सोमवारी आनि शुक्रवारी, जराजराच घालायची मी. जरा मलूल दिसली का एक जास्त."

जास्त. मी लाइट कमी करायची, झाडं मलूल व्हायची, आणि त्या एक गोळी जास्त घालायच्या. माझ्या वहीतलं प्रत्येक पान माझ्याकडे बघून हसत होतं. आणि तो हिरवागार पंधरवडा, ज्याच्या फुशारक्या मी गावभर मारल्या, सासऱ्यांना हात धरून दाखवला, तोही माझा नव्हता. पदराआडचं ते हसू कौतुकाचं नव्हतं, स्वतःच्या कामावर खूश होऊन त्या हसत होत्या. माझ्या हातचं म्हणून जे एक वाढलं होतं, तेही त्यांच्याच हातचं निघालं.

तेही मी गिळलं असतं. पण मी त्यांना विचारलं होतं. सगळ्यांसमोर, तोंडावर. नवरा दोन दिवस पडवीत जेवला तेव्हा त्या गप्प. दुकानदाराला मी नाही नाही ते बोलले तेव्हा गप्प. माझ्या शेजारी बसून, स्वतःच आणलेलं शेवाळ माझ्याबरोबर दोन तास घासलं आणि तरी गप्प. केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दुपारी समजलं. परक्यानं फसवलं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते.

"मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला होता. "एक शब्द! एक शब्द बोलला असतात तर?"

त्यांनी हात बाहेर काढला. पदराला पुसला, पुसतच राहिल्या.

"भ्या वाटलं."

"कसलं भ्या? झाडं मरतील म्हणून?"

"तुजं," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली आणि टाकीवर झाकण ठेवलं.

टाकी मी त्याच संध्याकाळी निम्मी उपसली. नळीनं रेतीतला गाळ ओढून काढला, सायीखाली मेलेली झाडं उपटून वाडीत टाकली. फितीच्या पानांची तीन झाडं तेवढी वाचली. महिन्याभरात पाणी काचेसारखं झालं आणि शेवाळाचं नावही उरलं नाही. घरात कोणाला मी काही सांगितलं नाही. नवऱ्याची माफी मागितली. दुकानदाराची मागायला जायला मात्र चार महिने लागले.

मग ती तीन झाडं पुन्हा पिवळी पडली. उपाशी होती. सासूबाईंचं म्हणणं खरं होतं, चुकलं होतं ते फक्त माप. मी त्यांच्याकडे गेले, आवाज अगदी खाली ठेवून म्हटलं, "आई, तुमचं बरोबर होतं. खत लागतं त्यांना. थोडं, खोल, महिन्यातून एकदा. तुम्हीच घाला, तुमचा हात चांगला आहे."

"तू म्हनशील तसं," त्या म्हणाल्या. पण टाकीजवळ आल्या नाहीत. "तूच घाल. मला काय कळतंय त्यातलं?"

पन्नास वर्षं वाडी पिकवलेली बाई मला हे सांगत होती.

मी रात्ररात्र एकच हिशेब करत असे. भ्या कधीपासूनचं? शेवाळापासूनचं, की आधीचं? टाकी घरात आली तेव्हा "पोरीला आवडतंय" म्हणाल्या, ते प्रेमानं, की पोर आकांडतांडव करील म्हणून? मला ते त्यांना विचारायचं धाडस नव्हतं. विचारून उपयोगही नव्हता, कारण विचारणारी मीच होते. शेवटी मला जे येतं तेच मी केलं. तपासणी.

एका दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी ताज्या बोंबलाचं कालवण केलं, त्यांना वाढलं आणि समोर बसले. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवून तोंडात घातला आणि सावकाश चावला.

"कसं झालंय, आई?"

त्यांनी आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग घास गिळला.

"चांगलं झालंय," त्या म्हणाल्या आणि आणखी थोडं वाढून घेतलं.

त्या कालवणात मी मिठाचा कणही घातला नव्हता.