लिंबावरून न गेलेलं चाक

आमच्या शालूच्या गाडीत पुढच्या सीटवर कोण बसणार, यावरून चांदूर बाजारच्या बायांमध्ये रोज कुरबूर होते. शेवटी बसतात वच्छलाकाकूच. एक तर त्या सगळ्यांत मोठ्या, आणि त्यांची टोपली कोथिंबिरीची, ती मांडीवरच घ्यावी लागते. मागे मेथी, वांगी, झेंडू आणि त्यांच्या मालकिणी दाटीवाटीनं बसतात. पहाटे गाडी अमरावतीच्या बाजाराकडे निघते. गाडी चालवणारी शालू ही माझी धाकटी जाऊ.

लग्न होऊन आली तेव्हा तिला सायकलही येत नव्हती. तिचा नवरा, म्हणजे आमचे जीवनभाऊजी, फुलांची शेती करतात. फुलं बाजारात न्यायला त्यांनी जुनी जीप घेतली होती, पण ठेवलेला ड्रायव्हर दर सोमवारी आजारी पडायचा. अशाच एका सोमवारी शालू म्हणाली, "त्याची वाट कायले पाहायची? मीच शिकतो." शिकली. लायसन काढलं, सवाऱ्यांचा परवाना काढला. स्टँडवरचे लोक ओरडायचे, "रस्ता सोडा रे, बाई गाडी चालवून राहिली." शालू काच खाली करून म्हणायची, "सोडा भाऊ लवकर, बायायची भाजी सुकते." हळूहळू ते ओरडणं थांबलं. भाजीवाल्या बाया मात्र तिच्याच गाडीत बसू लागल्या, कारण ती टोपल्या टपावर फेकत नाही.

मागच्या भादव्यात बाजार उतरवून ती एकटीच परत येत होती. रोही, म्हणजे नीलगाईचा नर, आडवा आला. तो वाचला, जीप पुलाच्या कठड्यावर गेली. शालूला खरचटलं तेवढंच. भाऊजींनी गावातच पत्रा ठोकून घेतला, रंग मारून घेतला. गाडी घरी आली तेव्हा नवी दिसत होती.

मी म्हटलं, एवढ्या मोठ्यातून वाचली, पूजा केल्याशिवाय बाहेर काढायची नाही. अंगणात सडा टाकला, गाडीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि पुढच्या दोन्ही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. शालूनं गाडी हळूच पुढे घेतली. लिंबं फुटली. मी ताट घेऊन बाजूलाच उभी होते. मागचं चाक आलं आणि फुटलेल्या लिंबाला न शिवता त्याच्या बाजूनं निघून गेलं.

"शालू, मागचं चाक लिंबावरून नाही गेलं वं."

भाऊजी म्हणाले, "लिंबू घरंगळलं असन, वहिनी."

"फुटलेलं लिंबू घरंगळते का भाऊजी?"

शालू खाली उतरली. ओल्या अंगणात चाकांच्या दोन ओळी उमटायला पाहिजे होत्या. उमटल्या होत्या चार. मधल्या जागेत तिनं बोटं ठेवून पाहिली. "बाई," ती मला म्हणाली, "गाडी तिरपी चालून राहिली. चेसी वाकली."

चेसी म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. गाडीचं सगळं त्याच्यावर बसवलेलं असतं. वरून कितीही रंग दिला तरी तो दिसत नाही. मी म्हटलं, देवीनं दाखवलं. शालू म्हणाली, सड्यानं दाखवलं. सडा मीच टाकला होता, म्हणून मी वाद घातला नाही.

अकोल्याला नासिरभाई चेसी सरळ करायचं काम करतात. आम्ही तिघंही गेलो. त्यांनी खाली शिरून एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी दोरी धरली, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांवर तीच धरली. सरळ चेसीला दोरी दोन्हीकडे सारखीच पुरते, इथे पुरली नाही. बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "भाभी, खेचून सिधी करून देतो. पण एका पट्टीले चीर गेली, तिथं जोड मारावा लागन. माल वाहा, काही होत नाही. सवाऱ्या नका भरू."

भाऊजींना हायसं वाटलं. "मंग झालं. फुलं वाहू. बायायचं पाहू पुढं."

बाया गेल्या की शालूची गाडी म्हणजे नुसती फुलांची गाडी, आणि बाया परत टपावर टोपल्या फेकणाऱ्यांच्या हाती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. नासिरभाईंनी चहा मागवला. तो पिऊन झाल्यावर तिनं कप खाली ठेवला.

"नासिरभाई, कापून टाका चेसी."

"येडी झाली का?" भाऊजी म्हणाले. "सरळ होते म्हणून राहिले ना ते."

"होते ना. मंग मी फुलं घेऊन निघन. फाट्यावर वच्छलाकाकू टोपली घेऊन उभी असन, वरून पाणी सुरू असन. मी तिले नाही म्हणन का? तुमीच सांगा."

भाऊजी वाकून जीपच्या खाली पाहू लागले.

"एक दिवस बसवीन, मंग रोजच बसवीन. मले माह्यी सवय माहीत हाय."

"मंग सरळ करून विकू. गावातला देवमन घेतो म्हणते."

"देवमन लग्नाचं भाडं मारते. वऱ्हाडी कायच्यात बसवन तो?"

नासिरभाई म्हणाले, "एक बार कापली का परत होत नाही, भाभी. सोचून घ्या."

"म्हणूनच कापा म्हणून राहिली."

इंजिन, सीटा, चाकं सुटी करून विकली. कापताना शालू शेवटपर्यंत उभी राहिली. समोर लावलेला अंबादेवीचा फोटो तिनं आधीच काढून माझ्याजवळ दिला होता. तो मी पदराखाली धरून होते. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. माझी मान ताठ झाली होती.

त्यानंतर कित्येक दिवस शालू स्टँडवरच्या गाडीतून बायांबरोबर बाजारात जायची. पहिल्याच दिवशी ड्रायव्हर म्हणाला, "काय मॅडम, आज सवारी का?" ही म्हणाली, "हाव. तू ब्रेक जरासा आधी दाबत जा, चांगला ड्रायव्हर होशीन." बाया हसल्या, तोही हसला. वच्छलाकाकू मात्र त्या गाडीत पुढे बसल्या नाहीत. म्हणायच्या, माह्यी जागा शालूच्या गाडीत हाय.

संक्रांतीनंतर अकोल्याला जुन्या जीपा पाहायला आम्ही दोघी गेलो. पहिला मालक रंगाचं कौतुक सांगत होता. शालूनं बादलीभर पाणी मागून मातीवर ओतलं आणि पर्समधून लिंबं काढली.

"ताई, पूजा गाडी घेतल्यावर करतात."

"आमच्यात आधी करतात."

मातीत चार ओळी उमटल्या. शालूनं किल्ली त्याच्या हातात दिली आणि आम्ही निघालो.

दुसऱ्या ठिकाणी जीपचा रंग उडालेला होता, दारही नीट लागत नव्हतं. तिनं पुन्हा पाणी ओतलं, लिंबं ठेवली, गाडी पुढे घेतली. पुढचं चाक गेलं, आणि मागचं बरोबर त्याच्यावरून. ओळी दोनच. मी तिथंच हात जोडले.

यावेळी शालूनं सड्याचं नाव काढलं नाही. चिरडलेली लिंबं उचलत म्हणाली, "बाई, माह्याकडूनही जोडा. माह्ये हात चिकट झाले."