रुसून खिडकी लावणारी नायिका

परवा धाकट्या लेकाचा गुडघा फुटला. त्यावर टिंक्चर लावलं आणि त्या वासासरशी मी औरंगाबादच्या एका जुन्या टॉकीजमध्ये जाऊन बसलो.

माझं लग्न ठरायचं होतं. मुलीचा थोरला भाऊ तिला वैजापूरहून घेऊन आला होता. "आधी माणूस पाहू, मग सुपारी फोडू," असं त्याचं म्हणणं. मी दोघांना मॅटिनीला नेलं. पुढं पळत जाऊन तीन खुर्च्यांवर रुमाल पसरून जागा धरली. एका दांडगट गड्यानं तो उचलून भिरकावला. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "ओ भाऊ, जागा आमची हाय!" उत्तरादाखल ठोसा आला. ओठ फाटला, दात हलला. भाऊ मधे पडला, तर त्याच्या डोक्यात खुर्ची बसली. शिव्या, रक्त, फळ्यांचे तुकडे.

पडद्यावर मात्र नायकावर रुसलेली नायिका नुसती खिडकी लावून घेत होती आणि तो खाली सायकलची घंटी वाजवत उभा होता. पिक्चर कृष्णधवल, कुणाच्या लक्षात न राहिलेला. त्यात कुणी कुणाला चापटसुद्धा मारत नव्हतं.

डोअरकीपरनं त्या गड्याला बाहेर काढलं, आम्हाला टिंक्चर लावलं. भाऊ कडाडला, "चल घरी! ह्याला खुर्ची राखता येत नाय, तुला काय राखणार?"

पडद्यावरची नजर न हलवता ती म्हणाली, "दादा, तू हो पुढं. ती खिडकी उघडते का बघून येतो आम्ही."

तेव्हा मार खाल्ल्याची लाज वाटली होती. आता वाटतं, माझं लग्न त्या 'आम्ही'तच लागलं. तिचं ते ऐकून मी तिथंच हसलो होतो, आणि ओठ पुन्हा फाटला होता.