मले तं बरोबर दिसते

आमच्या बाई कधी शिवी देत नसत. त्यांची आई आरमोरीच्या बाजारात मासोळी विकायची. उगाच भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकाशी ती जशी बोलायची, तशाच बाई अख्ख्या ऑफिसशी बोलायच्या. त्यापेक्षा शिवी परवडली असती. त्यांनी ओढणी कमरेला बांधली की समजायचं, आता कोणाची तरी शोभा होणार. चंद्रपुरात एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर वेबसाइट बनवणारी आमची छोटी कंपनी होती. मी पानं सजवायचो, बाई सर्व्हर सांभाळायच्या आणि मालक, म्हणजे शेठ, आम्हा दोघांच्या कामात नाक खुपसायचे. दोन हजार सहा-सातच्या सुमाराची ही गोष्ट, पण आठवली की आजही माझं डोकं तापतं.

बाईंना सगळ्यात जास्त चीड एका वाक्याची होती : ‘मले तं बरोबर दिसते.’ साइटवर जुनीच माहिती दिसते अशी कोणाची तक्रार आली आणि आमच्यातल्या कोणी आपल्या कॉम्प्युटरवर बघून हे उत्तर दिलं, की त्या खुर्ची मागे सारून उठायच्या. “तुले दिसते ना? मंग साइट काय तुह्या एकट्यासाठी बनवली? घुग्घुसच्या मानसाले काय दिसून राह्यलं ते सांग!” मी ते वाक्य एकदाच बोललो होतो.

एका सरकारी कार्यालयाच्या भरतीची साइट आमच्याकडे होती. एका सर्व्हरला गर्दी झेपेना म्हणून तीन लावले होते. साइट उघडणारा ज्याच्या वाट्याला जाईल, तो सर्व्हर त्याला पान देणार. दर वेळी पान नव्यानं बनवायला वेळ लागतो, म्हणून एकदा बनवलेलं पान साठवायचं आणि पुढच्यांना तेच द्यायचं. या साठ्याला कॅश म्हणतात. बाईंनी तिघांचे तीन साठे होऊच दिले नाहीत. नेटवर्कवर डिस्कची एक सामाईक पेटी लावली आणि तिन्ही सर्व्हरना त्यातलं एकच फोल्डर दाखवून दिलं. तिथून जुनं पान पुसलं की ते तिघांकडूनही गेलं.

“आमच्या गावी तलावातली मासोळी निघाली की सगळ्यांची जाळी काठच्या पाळीवर एकाच ढिगात रिकामी होतात,” त्या सांगायच्या. “हिस्से मंग. कोनी परभारे घरी नेली तं त्याले दुसऱ्या खेपेले पान्यात उतरू नाई देत. इथी बी तसंच.”

शेठना हे पटत नव्हतं. पेटीमुळे साइट हळू चालते, ही त्यांची कुरकुर. चालत होती थोडी हळू, खोटं कशाला बोलू?

“उशिरा खरं सांगतलं तं चालते शेठ,” बाई म्हणाल्या, “लवकर खोटं सांगतलं तं नाई चालत.”

पुढे आई आजारी पडली म्हणून बाई आरमोरीला गेल्या. त्यांची पाठ फिरली आणि शेठनी ती पेटी काढून आपल्या साळ्याला दिली. साळा लग्नांची व्हिडिओ शूटिंग करायचा, त्याला वरातीतले नाच साठवायला जागा हवी होती! तिन्ही सर्व्हरचे साठे ज्याच्या त्याच्या डिस्कवर गेले. त्याच आठवड्यात भरतीच्या मैदानी चाचणीची तारीख अलीकडे आली. शेठनी नवी तारीख टाकली, एकाच सर्व्हरचा साठा पुसला, आपल्या कॉम्प्युटरवर बघितलं आणि कार्यालयाला ऐटीत फोन केला, “साहेब, मले तं बरोबर दिसते.” उरलेले दोन सर्व्हर जुनीच तारीख वाटत बसले. आम्हा दोघांच्या कामात नाक खुपसणाऱ्या या माणसाला साइट आणखी दोन-चारदा उघडून बघावी, एवढं सुचलं नाही.

जुन्या तारखेला कुरखेड्याहून एक मुलगी वडिलांसोबत मैदानावर आली. तिथे चाचणी आधीच उरकली होती, तिच्यासारखे फसलेले काहीजण परत फिरत होते. साइटच्या तळाशी आमचा पत्ता असायचा, तो विचारत दोघं माडी चढून आले. बाई त्याच सकाळी गावाहून परतल्या होत्या.

“बाई, आमच्या इथच्या नेट-कॅफेत आजचीच तारीख दिसत होती,” मुलगी म्हणाली. “मी रोज पहाटे बांधावरून धावून राह्यली होती.” एवढं बोलून ती रडायला लागली.

बाई सर्व्हरच्या खोलीत गेल्या. पेटीच्या जागी नुसती वायर लोंबत होती. बाहेर आल्या त्या ओढणी बांधूनच. शेठकडे बघितलंही नाही, मुलीचा हात धरून थेट भरतीच्या कार्यालयात. तिचे वडील आणि मी मागोमाग.

साहेबांनी साइट उघडली, नवीच तारीख आली. “हे पाहा, बरोबर तर दिसते!”

“अजून एकदा उघडा,” बाई म्हणाल्या. नवीच तारीख.

“अजून एकदा.” या वेळी जुनी तारीख आली.

“आता तुमाले बी बरोबर दिसून नाई राह्यलं,” बाई म्हणाल्या. “चूक आमच्या कंपनीची हाये साहेब. या पोरीची नाई.”

साहेबांनी नियम सांगितले. मुलीचे वडील हळूच म्हणाले, “जाऊ द्या बाई, आमचं नशीबच तसं.”

“काऊन जाऊ द्या?” त्या त्यांच्यावरही कडाडल्या. “नशिबानं सर्व्हर लावले होते काय?” आणि दारातच बसल्या. आल्यागेल्याला ओलांडून जावं लागेल अशा. शेवटी साहेब नमले. जुन्या तारखेला आलेल्यांची चाचणी दुसऱ्या दिवशी घ्यायचं ठरलं.

संध्याकाळी शेठनी बाईंना काढून टाकलं. घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडली म्हणे! आणि पेटी गुपचूप साळ्याकडून आणून होती तिथेच लावली. वर मलाच ऐकवलं, “पाह्य, असं काम करावं लागते.” निर्लज्ज माणूस.

दुसऱ्या दिवशी बाई मैदानावर आल्या, मीही गेलो. मुलगी जीव तोडून धावली आणि थोडक्यात राहिली. मैदानाच्या कडेला गुडघ्यांवर हात टेकून ती धापा टाकत उभी होती. मला सगळ्याचाच संताप आला.

“काय फायदा झाला बाई?” मी म्हणालो. “तिले नोकरी भेटली नाई, अन् तुमची होती ते बी गेली.”

बाईंनी ओढणी कमरेला बांधली. या वेळी माझ्यासाठी.

“हारली तं हारली, सलीमभाऊ,” त्या म्हणाल्या. “पन धावून हारली ना!”