मूळ बोलणारा माणूस

आमचे हे शब्दकोशाच्या कचेरीत नोकरीला. काम काय, तर शब्दांचे खापरपणजोबा शोधायचे. संस्कृतातला भ्राता, फारसीतला बिरादर, इंग्रजीतला ब्रदर, लॅटिनमधला फ्रातेर, अशी एकेका भाषेची साक्ष कार्डावर उतरवायची आणि हजारो वर्षांपूर्वी त्या सगळ्यांचा बाप कसा असेल ते ताडायचं. मग त्याच्या डोक्यावर चांदणी काढायची. चांदणी म्हणजे हा शब्द कुठे लिहिलेला सापडत नाही, आमचा आपला अंदाज.

या एका शब्दावर यांनी चार महिने घालवले, आणि दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या सख्ख्या भावाशी बारा वर्षं अबोला! मी बोलून बोलून थकले. वाटणीच्या दिवशी वडिलांच्या टेबलावरून मोठे दीर काहीतरी लागट बोलले म्हणे. म्हणे, कारण हे तेव्हा जिन्यात होते. लोकांनी नंतर सांगितलं.

परवा कळलं, दीर घर विकून लेकीकडे परदेशी चाललेत, कायमचे. हे अर्ध्या जेवणावरून उठले.

"मग जाऊन बोला की!"

"आधी तो नक्की काय म्हणाला ते ठरू दे," असं म्हणून बसले कार्डं घेऊन. आत्याला फोन, मामेभावाला फोन, मेहुण्याला फोन. तिघांची तीन वाक्यं. आठवडाभर घासाघीस करून तक्ता तयार झाला: खाली तीन फांद्या, वर चांदणी लावून मूळ वाक्य, "टेबल ने, तोंड दाखवू नकोस."

जायच्या दिवशी मी यांना अक्षरशः ढकलत नेलं. दीर पेट्यांना दोरी बांधत होते. यांनी तक्ता पुढे केला. दीरांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"मेहुण्याला विचारलंस? तो तर त्या दिवशी आलाच नव्हता!"

"त्याची साक्ष दुय्यम धरलीय."

"आणि मला?"

यांची मान खाली. "आमच्या कामात मूळ बोलणारा माणूस जिवंत नसतो. विचारायची सवयच नाही."

"मी आहे अजून."

"काय म्हणाला होतास, दादा?"

दीरांनी चष्मा काढून पेटीवर ठेवला. "काय की रे. तू जिना उतरलास आणि मागे वळून बघितलं नाहीस, तेवढंच आठवतं."

मला रडूच फुटलं. दीरांनी दोरीचं टोक यांच्या हातात दिलं. "गाठ मार. मला आता वाकवत नाही."

यांनी गाठ मारली. मग सोडली. पुन्हा मारली, पुन्हा सोडली. गाडी यायला अजून तासभर होता.