हद्दीतला फणस

"अहो, दगड आणखी पलीकडं रोवा, तो फणस आमच्यातच आहे!" बायको मोजणीदारावर अशी ओरडली, की समोरच्या डोंगरानंही अंग चोरलं.

शहराच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी आम्ही घर घेतलं होतं, भोवती एकरभर जमीन. माझ्या तोंडून ती सहज दहा एकर व्हायची. 'खिडकी उघडली, की डोंगर नाकाला घासतो,' असं मी परदेशातल्या मुलाला फोनवर सांगायचो. बायकोला मात्र फक्त फणस हवा होता, नातीच्या झोक्यासाठी.

फणस अखेर आत आला. दगडापाशी नारळ फुटला, फक्कीची पांढरी रेघ पडली. ऊन कललं तशी डोंगराची सावली उतरली आणि कुणाला न विचारता ती रेघ ओलांडून गेली. मी बघत राहिलो. एवढा आरडाओरडा करून माणूस जमीन घेतो, ती बहुधा दुसऱ्याच कुणाच्या तरी पायांसाठी.

तिथूनच मुलाला फोन लावला. बायको ओरडली, "अरे, फणस मिळाला! झोका बांधतेय. कायमचे कधी येताय?"

"छान झालं, आई," तो म्हणाला. "आम्ही इकडंच घर घेतलंय, मागच्या महिन्यात."