पाठ केलेले चाळीस शब्द

आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते. वडील साताऱ्याकडून आले आणि वाशीच्या मार्केटात पोती वाहून त्यांनी आम्हाला वाढवलं. मी नोकरी करत, बाहेरून परीक्षा देत बी.कॉम. झाले. कशी झाले तेही सांगते, लपवत नाही. पाठ करून. अपेक्षित प्रश्नांचे संच आणायचे, उत्तरं घोकायची आणि पेपरात उतरवायची. अर्धं कळायचं, अर्धं नाही. पण पास झालेल्याला कुणी विचारत नाही, कळलं का म्हणून.

त्यामुळे माझी मुलगी चौथी संपत आली तरी वाचू शकत नाही, हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. ती बोलायला चुणचुणीत. हिशेब तोंडी फटाफट सांगायची. पुस्तक समोर आलं की मात्र पोटात दुखायचं, नाहीतर तहान लागायची. मी मारलं. हेही लिहायलाच हवं. पट्टीने नाही, हाताने, पण मारलं.

सुट्टी लागण्याआधी शाळेतल्या बाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "सीवूड्सला उन्हाळ्यात एक वाचनाचं शिबिर असतं, अशाच मुलांसाठी. तिथे घाला हिला." अशाच म्हणजे कशा, ते मी विचारलं नाही.

शिबिर एका सोसायटीच्या हॉलमध्ये होतं, सहा आठवड्यांचं. तिथल्या ताईंच्या तोंडून मी डिस्लेक्सिया हा शब्द पहिल्यांदा नीट ऐकला. बाहेर खुर्च्यांवर बसलेल्या आया तर तो चष्म्याचा नंबर सांगावा तसा सांगत होत्या. एक जण मला म्हणाली, "टेन्शन नका घेऊ हो. माझ्या भावालाही हे होतं लहानपणी, आज तो आर्किटेक्ट आहे." मी हसून मान हलवली. आम्ही शिरवणे गावात दोन खोल्यांत राहतो. तिथे असं कुणी बोलत नाही. यांच्या मुलांना डिस्लेक्सिया असतो, आमच्या मुलांना डोकं नसतं.

पहिल्या दिवशी ताईंनी प्रत्येक मुलाची चाचणी घेतली. एका कागदावर चाळीस शब्द आणि खाली बदकाबद्दलचा छोटा उतारा. माझ्या मुलीला चाळीसपैकी सहा आले. मी शेजारीच बसले होते, कान गरम झाले माझे. ताई मात्र शांतपणे म्हणाल्या, "हाच कागद शेवटच्या दिवशी पुन्हा घेणार, म्हणजे फरक कळेल. त्यावरून सहा मुलं निवडायची आहेत. त्यांना वर्षभर, आठवड्यातून दोनदा, एकेकट्याला शिकवणार आम्ही. सगळ्यांना घेता येत नाही, शिकवणारे कमी आहेत. आणि घरी हिच्याकडून वाचून घेऊ नका. तुम्ही वाचून दाखवा, तिला नुसतं ऐकू द्या."

सहा जागा. तीसेक मुलं. मला जे कळायचं ते कळलं. जन्मभर मी हेच बघत आले होते की जागा कमी असल्या की वरचे नंबर आत जातात आणि खालचे बाहेर राहतात. अकरावीला तसंच, नोकरीला तसंच. ताई दुसऱ्या आईशी बोलायला वळल्या तेव्हा मी मोबाईल काढला आणि त्या कागदाचा फोटो घेतला.

त्या दिवसापासून आमचं घरचं शिबिर सुरू झालं. मी ऑफिसातून सात वाजता येई. भात टाकला की तिला ओट्याशेजारी उभी करी. "म्हण. कमळ, मगर, पत्र, म्हैस..." ती म्हणे. पाच शब्द झाले की पुढचे पाच. मग पहिल्यापासून दहा. कागद समोर धरलेला असायचा, पण ती बघायची माझ्या तोंडाकडे.

शिबिरातून येऊन ती काहीबाही सांगायची. "आई, आज आम्ही वाळूत बोटाने ग काढला." "आई, ताई टाळ्या वाजवून शब्द तोडायला शिकवतात." मला राग यायचा. चौथीतल्या मुलीला वाळू? मी म्हणायचे, "ते तिथे. इथे यादी म्हण."

माझे वडील आमच्याकडेच असतात. तेच तिला बसने सीवूड्सला नेत-आणत. ते दोन आठवडे दारात बसून आमचं चाललेलं ऐकत होते. एकदा म्हणाले, "आगं, पोरगी म्हन्तीया नुसती. वाचत कुटं हाय?"

"आप्पा, तुम्ही मधे पडू नका."

"पडत न्हाई. पन सांगतो. मी बी पोत्यावरचं मार्कं असंच ध्यानात ठेवल्यालं. यापाऱ्यानं येकदा मार्का बदलला, आन् दोनशे पोती भलत्याच गाळ्यात टाकली मी. समद्या मार्केटासमोर शिव्या खाल्ल्या."

मी म्हणाले, "म्हणूनच तर जन्मभर पोती वाहिलीत. हिलाही तेच करायला लावू?"

आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि बाहेर जाऊन बसले. त्यानंतर त्यांनी तिच्या अभ्यासाचं नाव काढलं नाही. माफी मी अजून मागितलेली नाही. आमच्यात मागत नाहीत.

आणखी एक गोष्ट आहे. ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चौथ्या आठवड्यातला रविवार असेल. दळण घेऊन आम्ही दोघी गिरणीत गेलो होतो. ती दारावरच्या पाटीसमोर थांबली. हात वर करून हवेत बोटाने काहीतरी गिरवू लागली, ओठ हलत होते. मग हळू, अडखळत, "गि... र... णी." माझ्याकडे वळून बघितलं. हे मी तिच्याकडून कधी घोकून घेतलेलं नव्हतं, तिला कुणीच सांगितलेलं नव्हतं. आणि मी काय म्हणाले? "हो, गिरणीच आहे ती, गिरणीवर दुसरं काय लिहिणार? चल, बावीसपासून पुढचे शब्द म्हण."

तिने म्हटले. सगळे बरोबर.

शेवटच्या दिवशी मी ऑफिसातून अर्धी रजा घेतली आणि इस्त्रीची साडी नेसून गेले. मुलीच्या दोन वेण्या घातल्या. ताईंनी कागद पुढे ठेवला. तिने हात मांडीवर ठेवले, मान थोडी वर केली आणि चाळीसच्या चाळीस शब्द एका दमात म्हटले. खालचं बदकही म्हटलं, पूर्णविरामापाशी थांबत, मी थांबायला सांगितलं होतं तिथे तिथे. कागदाकडे तिने बघितलंच नाही, ती समोरच्या पंख्याकडे बघत होती. मला ते दिसत होतं. ताईंनाही दिसलं असावं, त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "घरी काही करून घेतलं का हो?" मी म्हणाले, "नाही. तुम्ही सांगितलं होतं ना." ताई हसल्या, मुलीच्या पाठीवर थोपटलं आणि लिहायला लागल्या. आर्किटेक्टची बहीण मला म्हणाली, "वॉव, किती छान!" मी ताठ मानेने उभी होते. असं वाटलं, निकाल लागला आणि यादीत आपलं नाव वर आहे.

आठ दिवसांनी निवडलेल्यांची यादी शिबिराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. सहा नावं. तिचं नाव नव्हतं.

मी पुन्हा पुन्हा बघितलं. मग चडफडले. मनात म्हटलं, शेवटी यांनी आपलीच माणसं बघितली, सीवूड्सचीच मुलं घेतली असणार. दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून मी ताईंसमोर जाऊन उभी राहिले.

"चाळीसपैकी चाळीस आले तिला. दुसऱ्या कुणाला आले का? मग नाव का नाही?"

ताईंना खरंच कळेना. म्हणाल्या, "अहो, म्हणून तर नाही. तिला येतंय आता. जिला येतं तिला कशाला घेऊ? ज्यांना अजिबात जमलं नाही ती सहा घेतली."

मी खाली बसले. बाई म्हणून, आई म्हणून, बी.कॉम. म्हणून, जे जे काही होते ते सगळं घेऊन बसले. मग सांगितलं. फोटो, ओट्याशेजारची उजळणी, खोटं बोलले ते. मोबाईल काढून फोटोही दाखवला, जणू कबुलीलाही पावती जोडायची होती.

ताईंनी फोटो बघितला आणि मोबाईल माझ्या हातात परत दिला. "मला शंका आली होती," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही नाही म्हणालात. आईवर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर?"

"आता घ्या ना. सातवी मुलगी म्हणून."

"सातव्या मुलीसाठी शिकवणारं माणूस नाही माझ्याकडे. आणि त्या सहांतल्या कुणाला काढू? सांगा."

मी नावं विचारली. एक सारसोळ्याच्या कोळणीची मुलगी होती, आई पहाटे मासळी घेऊन निघते ती दुपारी परतते. एक घणसोली गावातल्या भाड्याच्या खोलीतली. त्या आर्किटेक्टच्या बहिणीचा मुलगा यादीत नव्हताच. मला रागवायलाही कुणी उरलं नाही.

निघताना ताईंनी सरकारी रुग्णालयाच्या तपासणीबद्दल चिठ्ठी लिहून दिली. तिथे नंबर लागायला महिने जातात. म्हणाल्या, "तोवर काहीही पाठ करून घेऊ नका. चुकू दे तिला. चुकली तर गप्प बसा."

पाचवीची पुस्तकं आली. मी पहिला धडा उघडून तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "वाच. चुकलं तरी चालेल. मी काही बोलणार नाही."

तिने पुस्तकाकडे बघितलं नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, उत्तर कुठून येतं ते तिला चांगलं माहीत झालं होतं.

"आई, तू एकदा म्हण ना आधी," ती म्हणाली. "मग मी बरोब्बर वाचते."

मी म्हटलं नाही. ती थांबून राहिली. पहिल्या ओळीत पाच शब्द होते. भात करपल्याचा वास आला तेव्हा मी उठले, आणि परत आले तर तिने पुस्तक मिटून दप्तरात घातलेलं होतं.