काकांच्या बांधीतला रोवणा

किस्से भाताच्या तणसाच्या ढिगासारखे साचतात. वरचा एक ओढायला जावं, तर खालून तीन घसरतात. माझं वय आता असं की कुठली काडी कुठल्या सालची, हे छातीठोक सांगता येत नाही. सत्तरचं दशक संपत आलं होतं, एवढं नक्की. म्हणजे, बहुधा नक्की!

साकोलीकडच्या एकोडीला आमचे काका धान पिकवायचे. आम्ही भावंडं वडिलांच्या नोकरीमुळे नागपुरात वाढलो. पण रोवणा, म्हणजे भातलावणी, आली की सगळ्या कुटुंबानं आठवडाभर गावी जमायचं, हा काकांचा दंडक. "पाव्हणे म्हणून येऊ नका, हाताले चिखल लावाले या!"

काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. घर भरायचं ते तेवढ्या आठवड्यातच. त्या साली मात्र आम्ही पोचताच काका म्हणाले, "यंदाचा शेवटचा. तुमच्या काकूचे गुडघे गेले. एवढ्या माणसाइले आता कोण पाहीन?"

काकू चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या.

*

माझे दादा पुण्यात बँकेत अधिकारी. फार पद्धतशीर माणूस. रोवताना मागे मागे सरकायचं, म्हणजे रोपं पायाखाली येत नाहीत, एवढं काकांनी त्यांना शिकवलं. पण सुरुवात कुठून करायची ते सांगायचं राहिलं!

दादांनी बांधाला धरून एक फेरी रोवली. मग आतून दुसरी. मग तिसरी. दुपारी मान वर करून बघतात, तर आपण बांधीच्या, म्हणजे त्या भातखाचराच्या, मधोमध उभे, चारही बाजूंना हिरवीगार रोपं आणि बाहेर यायला वाट नाही!

रोवणाऱ्या बाया हसून हसून चिखलात बसल्या. काका गंभीरपणे म्हणाले, "आता कापणीपर्यंत तेथीच थांब बापू. डबा पाठवून देईन!"

*

माझी वेगळी तऱ्हा. मी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, खात्रीनं बोलायची सवयच नाही. चिखलणीला काकांनी बैलांचा कासरा माझ्या हाती दिला. धुरा, म्हणजे शेताचा बांध, जवळ आला तसा मी बैलांना म्हणालो, "आता वळायचं का?"

बैल जागीच थांबले.

"काहून इचारून राहिला? ते का तुह्या कॉलेजात येते? सांग त्याइले!"

"बरं... वळा. म्हणजे, जमत असेल तर."

एका बैलानं शेपूट वर केलं आणि भलामोठा पो टाकला.

"झालं," काका म्हणाले, "त्यानं उत्तर देल्लं!"

*

शेतापलीकडच्या छोट्या तळ्याला आमच्याकडे बोडी म्हणतात. हे सगळ्यांना ठाऊक, दादांच्या पुणेरी सुमतीवहिनींना सोडून. त्या नव्यानंच लग्न होऊन आलेल्या, फारसं बोलत नसत.

सकाळी जोराचा पाऊस झाला आणि काका ओरडत आले, "बोडी फुटली! बोडी फुटली!"

वहिनी स्वयंपाकघरातून हळदीचा डबा आणि फाडलेलं धोतर घेऊन धावल्या. "कुणाची फुटली?"

"आपलीच, बाई!"

वहिनींनी काकांचा फेटा काढून डोकं चाचपलं.

"माह्यं टकुरं शाबूत हाय, बाई! तळ्याचं पाणी चाललं!"

वहिनींनी डबा तिथंच ठेवला, पदर खोचला आणि घमेलं उचललं. संध्याकाळपर्यंत त्या तळ्याच्या फुटलेल्या पाळीवर माती टाकत होत्या. दारातून बघणाऱ्या काकू एवढंच म्हणाल्या, "हिले काही सांगा नाही लागत."

*

रोवणा संपला. निघायच्या दिवशी बैलगाडीत वळकट्या चढल्या. दर साली काका बजावायचे, "पुढच्या साली लवकर या." या वेळी नुसतेच जू सारखं करत राहिले. काकू भिंतीला धरून ओट्यापर्यंत आल्या.

दादा गाडीत बसले. मीही बसलो. वहिनी खालीच उभ्या.

काकांनी बैलांकडे बघतच विचारलं, "जाऊन राहिले ना, बाई?"

वहिनींनी दादांकडे बोट दाखवलं. "हे जाऊन राहिले, काकाजी." मग गाडीतली आपली पेटी उतरवून घेतली. "मी राहून राहिले."

बोली आमची, हेल पुण्याचा!

"अगं, पण किती दिवस?" दादा ओरडले.

वहिनी काकूंचा हात धरून आत गेल्यासुद्धा.

काका टुणकन गाडीवर चढले, कासरा ओढला आणि म्हणाले, "नीट बस बापू. तुही यष्टी चुकन!"